सुपारी नाकारणारा उमेदवार

शामरावभाऊ गेल्याची बातमी मला ब्रह्मपुरीच्या छापखान्यात कळली. हातात कुठल्याशा लग्नपत्रिकेचं मुद्रित होतं, बोटं शाईनं काळी. गडचिरोलीकडून आलेल्या मोटारीचा क्लीनर दारातूनच म्हणाला, "तुमचे निस्तारवाले भाऊ गेले ना जी. ताप डोक्यात चढला म्हंते." एवढं सांगून त्यानं प्यायला पाणी मागितलं. मी पाणी दिलं आणि परत मुद्रित तपासायला बसलो... काय तपासलं देव जाणे. मी गावी पोचलो तेव्हा चिता विझली होती. अग्नी पुतण्यानं दिला. निवडणुकीत काकाचं नाव घ्यायची ज्याला लाज वाटली, त्याच पुतण्यानं. लखूभाऊ म्हणे लाकडं वाहणाऱ्या गड्यांमध्ये उभे होते.

पण हा लेख मी पुतण्यासाठी लिहीत नाही. लिहितोय शोकसभेमुळं. आमच्या प्रचार समितीचे अध्यक्ष वकीलसाहेब त्या सभेत उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले की शामराव आजन्म ब्रह्मचारी राहिले, जनतेपायी त्यांनी संसाराचा त्याग केला. लोकांनी माना डोलावल्या. लखूभाऊ मागच्या भिंतीशी चपलांजवळ बसून सगळं ऐकत होते. मी बोलायला उठलो तर शेजारच्या समितीवाल्यांनी माझा सदरा ओढून मला खाली बसवलं. ही वेळ नव्हे म्हणाले. मी पत्रकं लिहून लहानाचा मोठा झालेला माणूस. खोटं छापलेलं दिसलं की खोडतो, बोललेलं ऐकलं तरी खोडतो. तिथे खोडू दिलं नाही, म्हणून इथे खोडतो. शामरावभाऊ ब्रह्मचारी नव्हते. त्यांचा संसार होता, आणि तो लखूभाऊंबरोबर होता.

आम्हा पोरांना ते दोघं कळायला लागल्यापासून तसेच आठवतात. एक घर, एक चूल, एक धानाची बांधी. शामरावभाऊ शाळामास्तरकी सोडून निस्ताराच्या भांडणात पडलेले. घर शाकारायला बांबू आणि जाळायला काटक्या जंगलातून आणायचा गावाचा जुना हक्क, तो नाक्यावरचे शिपाई मोडायला लागले होते. लखूभाऊ बैलांचे जाणते, त्यांची दमनी बैलगाड्यांत अख्ख्या मुलखात हलकी आणि पळती. शामरावभाऊ कचेऱ्या करत फिरायचे, लखूभाऊ त्यांना पोचवायचे आणि बाहेर बैलांना पाणी दाखवत थांबायचे. गावाला सगळं माहीत होतं. लग्नाला बोलावणं दोघांना जायचं, एक आजारी पडला की कसं आहे ते दुसऱ्याला विचारायचं. नाव कोणी दिलं नव्हतं, इतकंच. नाव द्यायची घाई सुटली ती शामरावभाऊ विधानसभेला उभे राहिले तेव्हा.

प्रचाराचा नारळ मारुतीच्या देवळात फुटायचा होता. आमच्याकडे असलं शुभकार्य जोडीनं पाटावर बसून करतात. बायको वारलेली असेल वा माहेरी असेल, तर पुरुष तिच्या जागी कनवटीला एक सुपारी खोचतो. समितीनं पाट एकच मांडला होता आणि वकीलसाहेबांनी ताटात सुपारी आणून ठेवली होती. शामरावभाऊंनी ती उचलली, उलटसुलट पाहिली आणि परत ताटात ठेवली.

"सुपारी कशाले जी? ज्याच्यासाठी लावाची तो माणूस त इथीच उभा हाय." मग मागे वळून, "लखू, तो दुसरा पाट आन."

लखूभाऊ लाजून बैलांकडे बघायला लागले. पण पाट आला, दोघं बसले, नारळ फुटला. गुरवबुवांनी दोघांना सारखाच अंगारा लावला. वकीलसाहेबांचा चेहरा मात्र तेव्हापासून जो आंबला तो निकालापर्यंत.

आठवड्याभरात विरोधकांचं पत्रक निघालं. त्यातली भाषा मी इथे उतरवणार नाही. ते हातात धरून समिती बसली आणि ठरलं की लखूभाऊंना मतदान होईतोवर दूर नातेवाइकांकडे धाडायचं, आणि मी उलट पत्रक लिहायचं की लखू हा भाऊंचा पगारी गाडीवान आहे. मी लेखणी खाली ठेवली. शामरावभाऊंनी वाद घातला नाही. म्हणाले, उद्या धानोऱ्याच्या बाजाराची सभा आहे, तिथे बोलू.

त्या सभेत विरोधकांनी पढवलेला एकजण उभा राहिला. "भाऊ, हा लखू तुमचा कोन लागते, ते सांगा ना मंग."

भाऊ बाजारातल्या ओट्याच्या पायरीवर उभे होते. पाणी प्यायले. आवाज चढवला नाही. "नवरा-बायको राह्यते तसे आमी दोघं राह्यतो. लगन कोनी लावलं नाई, कोनी लावतबी नाई. लपवून मले मत नाई पायजे. हे ठाऊक ठेवून द्याचं असन त द्या."

मग पुढे बसलेली एक म्हातारी, डिंक विकायला आलेली, वैतागून म्हणाली, "ते त आमच्या बकऱ्यायलेबी ठाऊक हाय रे बापा. बांबूचं काय, ते सांग." सगळा बाजार हसला. विचारणारा कुठे गेला ते कळलंच नाही. शामरावभाऊ पुढे खूप वेळ बांबूवरच बोलले, आणि लोक उठले नाहीत.

मला तेव्हा वाटलं, जिंकलो. मी मूर्ख नव्हतो, लोकांच्या बाबतीत बरोबरच होतो. चुकलो ते आपल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या बाबतीत. ज्या गोष्टीचा डिंकवालीला त्रास नव्हता, त्याच गोष्टीनं समितीची झोप उडाली. दुसऱ्याच दिवशी कोणाची मुलगी आजारी पडली, कोणाला चांद्याच्या कोर्टात तारीख निघाली. मतदानाच्या दिवशी कबूल केलेल्या बैलबंड्या आल्या नाहीत, केंद्रांवर बसणारे आले नाहीत. वाचकांना ठाऊक आहे, आपल्याकडे प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. पडद्याआड जाऊन आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा. रानातल्या माणसांना आधी खोट्या पेट्या नेऊन हे दाखवावं लागतं, आणि ते काम समितीनं अंगावर घेतलं होतं. कोणी गेलंच नाही. लखूभाऊ एकटेच दमनी पळवत होते, पण एक दमनी किती गावं पुरवणार. नंतर ती म्हातारी मला भेटली. म्हणाली, आत अंधार होता, शिडी कुठी दिसली नाई, दाराजवळच्या पेटीत टाकून दिलं, तुमचीच होती ना? शिडी आमचं चिन्ह. दाराजवळची पेटी आमची नव्हती. मी होय म्हणालो.

भाऊ पडले, तेव्हा समितीनं सांगितलं की गाव अजून अडाणी आहे. हेच ते वकीलसाहेब. त्यांनी माणूस जिवंत असताना पाडला, आणि मेल्यावर त्याचा संसार पुसून वर फोटोला हार घातला. मला विरोधकांच्या पत्रकाचा इतका राग येत नाही. त्यांनी निदान लखूभाऊ आहेत हे तरी मान्य केलं होतं.

गेल्या आठवड्यात लखूभाऊंकडे गेलो. पुतण्यानं घरावर हक्क सांगितला आहे, पण अजून ते तिथेच आहेत. नवा भात निघाला होता आणि नव्याची पूजा चालली होती. चुलीपुढे दोन पाट मांडलेले. एकावर ते बसलेले, दुसरा मोकळा. नैवेद्य दाखवायला ते वाकले, तेव्हा धोतराच्या कनवटीला खोचलेली सुपारी दिसली. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"तवा त्यानं लावू देली नाई," ते म्हणाले. "माणूस हाय म्हने... आता काय करू, तूच सांग."

त्यांनी माझ्यापुढे पान मांडलं, नवा भात वाढला. मोकळा पाट माझ्याकडे सरकवला नाही. मी जमिनीवर बसून जेवलो.