हिरवं बटण आणि धाकटा भाऊ

माण गाव सोडून ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा धाकट्या भावाशी माझं बोलणं बंद होतं. विहिरीजवळची जमीन विकायची की ठेवायची, यावरून भांडलो होतो. जमीन शेवटी दोघांच्या सह्यांनी विकली गेली, तरी अबोला मीच धरून ठेवला.

आमच्याकडे यात्रेच्या जेवणाचं आमंत्रण फोनवर देत नाहीत. घरच्या माणसाने दारात येऊन द्यायचं, नाहीतर ते दिलंच नाही. म्हणून भाऊ दर वर्षी सोसायटीच्या गेटवर यायचा. वॉचमन इंटरकॉमवर विचारायचा आणि मी म्हणायचो, घरी नाही म्हणून सांग. खिडकीतून तो परत जाताना दिसायचा.

मग सोसायटीने इंटरकॉम काढून ॲप आणलं. पाहुणा आला की मोबाइल वाजतो, हिरवं दाबलं की त्याला आत सोडतात. ॲपचं नाव 'निश्चिंत'. माझ्या मोबाइलवर आधीच एक 'निश्चिंत' होतं, रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण करणारं. कंपन्या वेगळ्या, पण नाव तेच आणि चित्रही निळंच. गोळ्यांचं सूनबाईने शिकवलं होतं, "बाबा, गोळी घ्या आणि मग हिरवं दाबा, नाहीतर ते वाजतच राहतं." मला गोळीचा कंटाळा. मी नुसतंच दाबायचो.

यात्रेच्या आधी एका सकाळी मोबाइल वाजला. 'निश्चिंत' एवढंच वाचलं, हिरवं दाबलं आणि पेपर उघडला. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात भाऊ. माझे पाय धरून रडत म्हणाला, "दादा, घेतलंस रं आत!"

त्याला उठवलं, चहा पाजला, यात्रेला गेलो. तिथे तो भेटेल त्याला सांगत होता, "दादानं सोताहून आत घेतलं. लई मोठं मन हाय त्याचं." लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते आणि मला मान वर करवत नव्हती.

वर्षभर ते ओझं वागवलं. यंदा तो आमंत्रण घेऊन आला, तेव्हा गॅलरीत बसवून सगळं सांगून टाकलं. "तुला मी आत घेतलंच नव्हतं. गोळीचं समजून दाबलं."

वाटलं, आता तो उठून जातो.

"म्हंजी त्या दिशी गोळी घेतलीच न्हाई?"

"नाही."

"आनि रोज?"

मी गॅलरीबाहेर बघू लागलो.

"वहिनी गेल्यापास्नं हे असं चाललंय व्हय!" तो आतून गोळ्या आणि पाणी घेऊन आला आणि मी गिळेपर्यंत समोर उभा राहिला. मग खाली बसून हसायला लागला. "दारात आल्यावर हाकललं तर न्हाईस ना? मग झालं."

"पण गावभर तू सांगत फिरलास."

"त्ये आता तूच निस्तर. मी न्हाई सांगनार."

यात्रेत पंगत बसल्यावर मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. मग कोपऱ्यातून चुलतभाऊ ओरडला, "राव, आमास्नी बी बोलवा की यकदा चुकून!"

सगळी पंगत हसली. भाऊ रस्सा वाढत माझ्यापाशी आला होता. माझा खांदा दाबत म्हणाला, "बस आता खाली, निवतंय समदं."

मी बसलो.