फाळक्यावरची नाचणारी

"थांबव! थांबव म्हणतो ना बे! हात उपटून धानाच्या बांधीत पेरीन तुहा!"

ओरडत होतो मी. माझा आवाज साधासुधा नाही. कोहमाऱ्याच्या चौकात नुसता खाकरलो तरी सडक अर्जुनीतली कुत्री उठून बसतात. पण त्या दिवशी मिस्त्रीच्या ग्राइंडरपुढं तो डासाएवढा झाला. तोंडाला फडकं बांधून मिस्त्री ट्रकच्या मागच्या फाळक्यावरचा रंग घासत होता. वरून सुरुवात केली होती त्यानं. म्हणजे तिच्या तोंडापासून.

मी ट्रक रंगवणारा पेंटर. या रोडवर माझ्या हातचे इतके मोर पळतात की खरे मोर लाजून जंगलाबाहेर येत नाहीत. पण या गाडीच्या मालकाला मोर नको होता. "काहीतरी मंदिरातलं काढा," म्हणाला. म्हणून मी नागऱ्याला गेलो. शंकराच्या जुन्या देवळात एका दगडावर नाचणारी बाई सापडली. कंबर एकीकडे, मान दुसरीकडे, एक हात डोक्यावर. वहीत उतरवून घेतली. पण दगड इतका झिजलेला की नाक-डोळे सपाट. देह मिळाला, चेहरा मिळेना.

घरी आलो आणि बायकोला चुलीसमोर तशीच उभी केली. हातात भात हलवायचा सराटा होता, तो तसाच डोक्यावर.

"काऊन उभी करून ठेवली जी मले? भात लागून राहिला खाली."

"हलू नको. तू आता देवळातली आहेस."

"देवळातलीचे पाय दुखत नसतीन. माहे दुखून राहिले."

असं म्हणून हसू दाबायला तिनं खालचा ओठ दातांखाली धरला. मी तोच ओठ काढला. भात असा जळला की वास छत्तीसगडपर्यंत गेला असेल.

चित्र पुरं झाल्यावर ती बघायला आली. डोक्यावर पदर घेऊन गाडीला दोन चकरा मारल्या आणि हळूच म्हणाली, "छान काढलं. पण कोणाले सांगू नोका. साऱ्या रोडवर कंबर दाखवत फिरते म्हणतीन माहेरचे."

मी शब्द दिला. खोटं बोलणं हा तर माझा जोडधंदाच. एका ड्रायव्हरला सांगितलं, ही एका राजाची लाडकी नाचणारी, शापानं दगड झाली. दुसऱ्याला सांगितलं, दमली की देवळात ही पाय बदलते, मी स्वतः पाहिलं. तिसऱ्याला सांगितलं, नागपूरचा एक प्रोफेसर हिला बघून चक्कर येऊन पडला, त्याला खाटेवर घालून न्यावं लागलं. ढाब्यावर चहा पिता पिता मी तिला नऊ वेळा राणी केली, तीनदा अप्सरा.

मागल्या वर्षी ती गेली. कावीळ झाली, पंधरा दिवसांत संपली. इथं वाढवून सांगण्यासारखं काही नाही.

घरात तिचा फोटो आहे, आधार कार्डावरचा. त्यात ती कोणाचीही बायको वाटते. माझी फक्त त्या फाळक्यावर होती, ओठ दाबून. गाडी चौकात चहाला थांबली की मी कप घेऊन मागं जाऊन उभा राहायचो. ड्रायव्हर हसायचे, "पेंटरभाऊ, गाडी काय चाटून राहिले का?"

आरटीओचं पासिंग आलं की ट्रकचा सगळा रंग घासून नवा मारतात. हे मला कोण सांगणार, माझं पोट त्याच्यावर चालतं. आधी मिस्त्री घासतो, मग प्राइमर, आणि सगळ्यात शेवटी पेंटरला बोलावणं येतं. मी त्या दिवशी बोलावण्याची वाट न बघता सकाळीच निघालो होतो. मालकाला म्हणणार होतो, हा एक फाळका मला काढून दे, दुसरा बसवून घे. मिस्त्री माझ्याही आधी कामाला लागला होता.

माझं ओरडणं शेवटी त्याला ऐकू गेलं. मशीन थांबलं. गळ्याच्या वर नुसता पत्रा चमकत होता. मालक चहा टाकून धावत आला.

"काय झालं पेंटरभाऊ?"

"ही माही बायको होती," मी म्हणालो.

मालकाला हसूच फुटलं. "अहो, मागल्या खेपेले त राजाची लाडकी होती ना जी!"

"आता बायको झाली," मिस्त्री म्हणाला, "पुढच्या पासिंगले सासू होईन!"

हसून हसून त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. आणि मी? जन्मभराची सवय. मीही हसलो. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो. मिस्त्रीला वाटलं, झाली गंमत. त्यानं मशीन चालू केलं.

मी बाजूच्या टायरावर बसून राहिलो. वर धरलेला हात गेला, कंबर गेली, पाय गेले. तिचा भुगा उडून माझ्या चपलांवर बसत होता. हिरवा, पिवळा, मग नुसता राखेसारखा.

दुपार कलल्यावर मालक माझ्याजवळ आला. त्यानं सकाळी पाठवलेला चहा तसाच होता, वर साय धरलेली. त्यानं चहाकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे.

"खरंच बायको होती का?"

"हो."

तो वळला. लालभडक झालेल्या फाळक्याकडे बघत राहिला.

"आता त प्राइमर मारून झालं जी," म्हणाला.