जखमी क्रमांक एक

मरायच्या आधी हरेश्वर पागधरे चूळ भरायचा. तोंडातली तंबाखू कोपऱ्यात थुंकून यायचा, नळावर तीनदा खळखळून चूळ भरायचा, चष्मा आणि तंबाखूची डबी शेजारच्याच्या हातात द्यायचा आणि मग सॉल्व्हंटच्या टाकीमागे, सिमेंटच्या कट्ट्यालगत, डाव्या कुशीवर आडवा व्हायचा. कोणी हसलंच तर म्हणायचा, "मेलेल्या मानसाच्या तोंडात तंबाखू बरी दिसत नाय."

बोईसरजवळ, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा रसायनांचा कारखाना होता. तिथे वर्षातून दोनदा मॉक ड्रिल व्हायचं. वायुगळती झाली असं समजायचं, भोंगा वाजवायचा, सगळ्यांनी ठरलेल्या जागी धावत जाऊन उभं राहायचं आणि बचाव पथकाने जखमींना उचलून रुग्णवाहिकेत घालायचं. जखमी अर्थातच खोटे. त्यांच्या गळ्यात पुठ्ठ्याच्या पाट्या असायच्या आणि पाटीवर त्यांना काय झालंय ते लिहिलेलं असायचं. हरेश्वर हा आमचा कायमचा जखमी क्रमांक एक. किनाऱ्यावरच्या दांडी गावचा राहणारा, घरची होडी भावाकडे, स्वतः कंत्राटी कामगार, पन्नाशीला टेकलेला. ड्रिलचा दिवस आला की दाढी करून यायचा.

मी मिरजेहून सेफ्टी विभागात येऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते, तेव्हा जखमी क्रमांक दोन रजेवर गेला आणि त्याची पाटी माझ्या गळ्यात आली. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी आयुष्यभर पडदा ओढायचं काम केलेलं. अभिनय वगैरे आपला प्रांत नव्हे. मी हरेश्वरच्या शेजारी आडवा झालो आणि मला हसूच आवरेना. सिमेंट तापलेलं, कानावर मुंगी चढलेली, डोळ्यांच्या फटीतून दिसत होते फक्त पळणारे बूट. भोंगा वाजत होता. तेवढ्यात शेजारच्या प्रेताने ओठ न हलवता मला झापलं.

"पोट हलतंय तुजं. श्वास वरच्या वर घे. आन हसू नको. आपुन मरतोय हितं."

"सॉरी," मी पुटपुटलो.

"बोलू पन नको. मेल्यावर कोन साहेब नाय, कोन हेल्पर नाय. गप पड, नवीन."

मी गप्प पडलो. आणि काय झालं कोण जाणे, दोन मिनिटांत माझं हसू पार मावळलं. जमिनीवर पडलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. सगळे आपापल्या जागी पोचायच्या घाईत होते. मला चक्क राग यायला लागला. अरे, कोणी येतंय की नाही? खोटा का असेना, मी इथे गुदमरतोय. पथक चौथ्या मिनिटाला आलं, आम्हाला उचललं, टाळ्या झाल्या, जेवायला पुरीभाजी होती. पण ती चार मिनिटं पुढे कित्येक दिवस माझ्या डोक्यातून गेली नाहीत.

माझी भाची पुण्याला शिकते. तिच्या वयाची पोरं हल्ली सुट्टीत एकत्र जमतात, एकेक भूमिका घेतात आणि दोन-दोन दिवस ती जगतात. प्रेक्षक नाहीत, संवाद लिहिलेले नाहीत. लार्प म्हणतात त्याला. एडवणच्या किनाऱ्यावर त्यांचा असा एक खेळ होता, तेव्हा ती मलाही हौसेने घेऊन गेली आणि नियम समजावून सांगू लागली. "मामा, यात मेलं की मेलं हां. खेळ खरा व्हायला हवा असेल तर जे घडतं ते घडू द्यायचं. मध्येच उठायचं नाही." मी मान डोलावली. हा नियम मी बोईसरला शिकलो होतो, आणि तो मी कसा पाळला ते तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

हरेश्वरला मरायची एवढी हौस का, हे मला वर्षभराने कळलं. त्याच्या बहिणीचा नवरा दुसऱ्या एका कारखान्यात टाकी साफ करायला उतरला आणि वर आला तो मेलेलाच. हरेश्वर तेव्हा तिथेच कामाला होता. त्याने स्वतःच्या हाताने त्याला बाहेर ओढलं होतं. कागदावर मात्र आलं, रुग्णालयात नेताना वाटेत मृत्यू. म्हणजे फाटकाच्या आत कोणी मेलंच नाही. हे सांगताना हरेश्वर चिडला नाही. डबीतला चुना नखाने खरवडत एवढंच म्हणाला, "खऱ्यात त्याला वाटेत मारला. खोट्यात तरी मानसाला जागेवर मरू द्यावं."

मी हळूहळू मोठा झालो, म्हणजे हुद्द्याने; नोकरी मात्र अजून करारावरचीच होती. ड्रिल आखायचं काम माझ्याकडे आलं. तरी हरेश्वर मला 'नवीन'च म्हणायचा. सहा वर्षं म्हणाला. चारचौघांत म्हणाला तरी मला ते गोड लागायचं, कारण त्या कारखान्यात आपुलकीने कोणी हाक मारावी असं दुसरं कोणी नव्हतं.

एका ड्रिलच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"नवीन, एक सांगू? मागचं फाटक उद्या उगडू नको."

टाकीमागे एक फाटक होतं. गळती झाली तर तिथल्या आठ माणसांना बाहेर पडायचा आणि रुग्णवाहिकेला आत यायचा तो एकच जवळचा रस्ता. पण भंगार चोरीला जातं म्हणून त्याला बाराही महिने साखळी आणि कुलूप. किल्ली सिक्युरिटी सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये. ड्रिलच्या दिवशी मात्र ते फाटक तासभर आधी उघडून ठेवायची पद्धत होती. कुलपाऐवजी आतून उघडणारी कडी बसवून द्या म्हणून हरेश्वरने दोनदा अर्ज दिला होता. अर्जाचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

"रोज जसं असतं तसं ठेव," तो म्हणाला. "बगू तरी कोन येतंय, कवा येतंय. कागदावर एक मेला ना, तर कडी लागंल. खरा मरायची वाट कशाला बगायची?"

मला ते पटलं. आणि खरं सांगायचं तर मला मी फार शूर वाटलो. मी फाटक उघडायला सांगितलंच नाही. पाटीवर माझ्या हाताने लाल शाईत लिहिलं, 'वायुबाधित, बेशुद्ध. दहा मिनिटांत प्राणवायू न मिळाल्यास मृत्यू.'

दुसऱ्या दिवशी बाहेरचे पाहुणे आले होते. भोंगा वाजला. हरेश्वरने चूळ भरली आणि तो आडवा झाला. त्याची तंबाखूची डबी माझ्या खिशात आणि स्टॉपवॉच माझ्या हातात. चार मिनिटं झाली, सहा झाली. पुढच्या रस्त्यावर टँकर उभा होता म्हणून रुग्णवाहिका वळसा घालून मागच्या फाटकाशी आली आणि तिथेच थांबली. पलीकडून कोणीतरी "चाबी किधर है, चाबी?" म्हणून ओरडत होतं. सुपरवायझर पाहुण्यांचे हारतुरे बघायला कॅन्टीनकडे गेला होता. दहाव्या मिनिटाला हरेश्वरची मान जरा कलली. बस, तेवढंच. पण पाटीप्रमाणे तो आता मेला होता. पथक त्याच्यापर्यंत पोचलं ते एकोणिसाव्या मिनिटाला.

"चलो, उठो दादा, हो गया," पथकातला एक जण म्हणाला. दादा उठेना. कोणीतरी तोंडावर पाणी मारलं. पापणी हलली नाही. लोक हसायला लागले, मग हसू थांबलं, मग चुळबुळ सुरू झाली. पाहुण्यांची पानं वाढून झाली होती. मॅनेजर तरातरा चालत आले आणि दात आवळून मला म्हणाले, "काय तमाशा आहे हा? उठव त्याला."

मी वाकलो. हातातल्या कागदावर मी खरोखरच लिहिलं होतं. तो त्याच्या डोळ्यांसमोर धरून म्हणालो, "दादा, लिहिलंय बघ. एकोणीस मिनिटं. एक मयत."

त्याने एक डोळा उघडला. चष्मा नव्हता, म्हणून कागद जवळ ओढून बोट ठेवून वाचला. मग उठून बसला, पँट झटकली आणि माझ्यापुढे हात केला. "दे डबी." त्या दिवशी मी त्याला जितकं खुशीत पाहिलं तितकं पुन्हा कधीच पाहिलं नाही.

दुपारी मॅनेजरनी मला केबिनमध्ये बसवलं. ओरडले नाहीत. उलट चहा मागवला. "ड्रिल आहे रे ते," म्हणाले. "ड्रिलमध्ये कोणी मरतं का? खेळच आहे तो. तुझं पर्मनंटचं पत्र सहीला आलंय, माझ्यापुढेच आहे." मुलगी तीन महिन्यांची होती, बोईसरला घर घेतलं होतं. अशी कारणं प्रत्येकाकडे असतात, माझ्याकडेही होती. मी नवा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'एक जखमी, आठव्या मिनिटाला सुरक्षित बाहेर, प्रकृती स्थिर.' जुना कागद फाडायला मला कोणी सांगितलं नव्हतं. तो मीच फाडला.

चार दिवसांनी अहवाल नोटीस बोर्डावर लागला, खाली सर्वांचं अभिनंदन. शिफ्ट सुटताना हरेश्वर बोर्डापुढे उभा होता, चष्मा लावून, काचेवर बोट फिरवत. मला तिथून सटकायचं होतं, पण त्याने मला पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो अगदी हळू म्हणाला,

"मंग मी उगाच उठलो."

आता ड्रिलमध्ये पडणार नाही, असं त्याने कळवलं. गुडघा दुखतो म्हणाला. दोनेक महिन्यांनी कंत्राटदार बदलला आणि नव्या यादीत त्याचं नाव नव्हतं. ते कोणी गाळलं हे मी विचारलं नाही. पुढे एकदा मी दांडीला त्याच्या घरी गेलो. अंगणात जाळं पसरून बसला होता. त्याने घाईघाईने उठून मला खुर्ची दिली, खुर्ची धोतराच्या सोग्याने पुसली आणि आत हाक मारली, "चाय ठेव गो, कंपनीतले साहेब आलेत." मी म्हटलं, "दादा, साहेब काय म्हणतोस?" तर म्हणाला, "साहेबाला साहेब नाय म्हनायचं तर काय म्हनायचं?" सहा वर्षांचा 'नवीन' त्याने असा काढून घेतला. चहा उत्तम होता. निघताना सुक्या बोंबलांची पिशवीही दिली. मी ती घेऊन आलो, याची मला अजून लाज वाटते.

त्या वर्षीच्या पुढच्या ड्रिलला जखमी व्हायला कोणी तयार होईना. शेवटी जखमी क्रमांक एकची पाटी मीच गळ्यात घातली. मागचं फाटक सकाळीच उघडून घेतलं होतं. तेही मीच. टाकीमागे डाव्या कुशीवर पडलो, श्वास वरच्या वर घ्यायचा प्रयत्न केला, पण पोट हलत राहिलं. मला झापायला शेजारी कोणी नव्हतं. पथक चौथ्या मिनिटाला आलं. मला स्ट्रेचरवर घेऊन फाटकाशी ठेवलं, टाळ्या पडल्या. लोक कॅन्टीनकडे पांगले आणि मागे साखळी ओढल्याचा आवाज झाला. वॉचमन फाटकाला कुलूप घालत होता.

मी डोळे उघडले नाहीत. माझ्या मनात आलं, आपण उठूच नये. कडी बसेपर्यंत इथेच पडून राहावं, हरेश्वरसारखं. कोण काय करणार होतं? मी आता पर्मनंट होतो.

"सर, उठा," पथकातला पोरगा म्हणाला. "जेवण थंड होतंय."

मी उठलो.