शेऱ्याचा रकाना

नवं राज्य होणार म्हणून उज्जैनमधल्या सरकारी पाट्यांवरचं 'मध्यभारत' खोडून 'मध्यप्रदेश' लिहायचं होतं. पाट्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. अनुक्रमांक, ठिकाण, लांबी-रुंदी, शेरा असे चार रकाने आखले आणि देवास गेटपासून माधव नगरपर्यंत चार दिवस सायकलवर फिरलो. पेंटरला पाटी सापडावी म्हणून शेऱ्यात खूण लिहीत गेलो: खाली पेरूवाली बसते. शेजारी निळ्या खिडकीत पोपट. समोर टांगेवाला घोड्याशी बोलत त्याला चारा घालतो. पक्की प्रत कचेरीत दिली; कच्ची घरी राहिली.

त्याच दिवसांत मराठी मंडळाचा हस्तलिखित दिवाळी अंक तयार होत होता. एका घराला एक पान मिळे. आमचं पान बायकोचं. ती चित्र काढी, खाली कविता लिही. यंदाचं तिचं शेवटचं, कारण माझी बदली भोपाळला झाली होती. दोन महिने ती वहीत लिहून खोडत होती.

अंक वाचायला मांडला त्या संध्याकाळी मी आमचं पान उघडलं. माझाच शेऱ्याचा रकाना, तिच्या अक्षरात. अनुक्रमांक गाळलेले. भोवती पेरूची टोपली, खिडकी, घोडा रंगवलेले. खाली नाव फक्त माझं.

"वा बाबूसाहेब, छुपे रुस्तम निघालात!" अंकाचे संपादक मास्तर म्हणाले.

"मास्तर, ही कविता नाही, खुणा आहेत. नंबर नसले तर पाटी सापडणार कशी?"

"पाटी शोधतंय कोण?"

मी बायकोला बाजूला घेतलं. "तुझी कविता कुठंय?"

"जमली नाही. उज्जैन सोडायचं म्हणून लिहायला बसले की सगळं रडकं होई. तुम्ही बघा, एका शब्दानं रडला नाहीत."

"अगं, मी रडायला गेलोच नव्हतो. पाट्या बघायला गेलो होतो."

"तेच तर म्हणते!"

मला काही उमगेना. पेरूवाली मी पाहिली होती, पण पानावरची पेरूवाली मला नवीनच वाटत होती. ती रोज कुणाची तरी वाट बघत बसते, असं मी कुठंच लिहिलं नव्हतं. तरी तसं वाचल्याचा भास झाला. परत वाचलं. नव्हतंच.

शेवटी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या नावाआधी तिचं नाव लिहिलं.

"अहो, आता कविता कुणाची नि चित्र कुणाचं, लोकांना कसं कळणार?"

"मला तरी कुठं कळलंय?" मी म्हणालो.