साखळीतली जागा

झुंबरबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. भाकरीसाठी नव्हे, उजाडायच्या आत ओढ्याकाठी जाऊन यायला. उजेड पडला की बायकांना आडोसा नसे. ऑपरेशन झाल्यानंतर ती तीनलाच निघू लागली. तिला इतरांपेक्षा तासभर जास्त लागायचा.

ती बिगारी होती. एकलहऱ्याला कामगारांच्या राहण्याच्या इमारती उठत होत्या, तिथे. स्लॅबच्या दिवशी परांचीवर पायरीपायरीनं बायकांची साखळी लागे. खालच्या हातातून भरलेलं घमेलं घ्यायचं, वरच्या हातात द्यायचं. सकाळी सातला हात लागला की स्लॅब संपेपर्यंत साखळी तोडायची नाही. कालवलेला सिमेंट-खडीचा माल घट्ट होतो, सांधा राहतो आणि पावसाळ्यात तिथूनच गळतं. झुंबरबाई पाचव्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर असे. कमरेखालून घेतलेलं घमेलं डोक्याच्या वर स्लॅबच्या काठावर टेकवायचं. अकरा वर्षांत तिच्या हातून एकही सांडलं नाही. तिथे दुसरी कोणी चढली तर मुकादम चिमाजी ओरडे, "उतर खाली. ती झुंबरबाईची जागा हाय."

चौथ्या बाळंतपणानंतर मात्र घमेलं उचललं की तिची लघवी सुटू लागली. खोकलं, शिंकलं, हसलं तरी तेच. ती आतून चिंध्या बांधी. दुपारपर्यंत ओल्या लुगड्याला सिमेंट चिकटून काठ कडक होई. चौथ्या पायरीवरची भागीबाई म्हणायची, "स्लॅबला पाणी उद्या मारायचंय गं बये, आजच का उरकतीस?" झुंबरबाई हसायची, आणि हसली की पुन्हा तेच.

एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर तिनं एका दवाखान्यात ऑपरेशन करून घेतलं. लघवीच्या पिशवीचं तोंड वर ओढून टाके घातले. तीन महिने ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. तिनं तीन महिने हंडासुद्धा उचलला नाही. नवरा, केरू, पाणी भरायचा. आळी त्याला "आमच्या केरूवहिनी" म्हणू लागली, तरी त्यानं भरलं.

फेब्रुवारीत ती पुन्हा पाचव्या पायरीवर चढली. पहिलं घमेलं दिलं. कोरडी. दहावं दिलं. कोरडी. तिनं मुद्दाम खोकून पाहिलं.

"भागे, थांबलं गं!"

नऊच्या सुमारास एकाएकी कळ आली. पाय आवळूनही आवरेना. ती उतरून वाळूच्या ढिगामागे धावली. बसली. ओढ्याकाठी नुसता वेळ लागायचा, इथे तर होईनाच. थेंब यायचा, थांबायचं, परत थेंब. उठून वाकायची, ओटीपोट दाबायची, पुन्हा बसायची. साखळी तशीच उभी.

"बाई, माल थांबत नाय!" चिमाजी ओरडला.

"अन् माझं व्हत नाय," ती स्वतःशीच म्हणाली.

अर्ध्या तासानं पुन्हा तेच. मग तिनं सगळ्या बिगारी बायका करतात तो उपाय केला. पाणी तोडलं. पहाटे एक घोट, नंतर एकदम संध्याकाळी. महिन्याभरात लघवीला आग सुटली, ताप भरला, कळा दुप्पट झाल्या.

ती परत त्याच दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, "खोका बघू." ती खोकली. "कोरडं आहे. टाके चांगले धरलेत."

"बाई, ते थांबलं. पण आता कळ आली की आवरत नाय, अन् बसलं तर व्हत नाय."

"काहींना होतं असं. टाके जास्त ओढले गेले असतील. तुमची चूक नाही. पाणी मात्र तोडू नका."

"परत सैल करता येतंय का?"

"केलं तर पहिलं दुखणं परत येईल. आणि हे जाईलच, असं नाही."

"हे आधी का नाय सांगितलं?"

"सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

एप्रिलच्या स्लॅबला झुंबरबाई ठरवून चढली. काय वाटेल ते होवो, पायरी सोडायची नाही. अकराला कळ आली तेव्हा घमेलं हातात होतं. तिनं ते वर टेकवलं, सांडू दिलं नाही. पण बाकीचं सगळं सुटलं. थोडंथोडकं नव्हे, सगळं. खाली भागीबाईच्या खांद्यावर गेलं. भागीबाईनं पदरानं खांदा पुसला आणि पुढचं घमेलं वर धरलं. तिनं थट्टा केली असती तर बरं वाटलं असतं.

झुंबरबाई उतरली. ढिगामागून परत येऊन पाहते तो सगळ्या बायका एकेक पायरी वर सरकल्या होत्या. पाचवीवर भागीबाई होती. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. माल थांबत नाही एवढंच.

चिमाजी माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला हलकं काम दिलं, स्लॅबवर पाणी मारायचं. वर ती एकटीच, हातात पाइप. पण धार सुरू झाली, पाण्याचा आवाज कानी आला, की कळ यायचीच. तिनं कानाला फडकं बांधलं. फडक्यातूनही पाणी ऐकू येई. आठव्या दिवशी तिनं पाइप गुंडाळून चिमाजीच्या हातात दिला आणि घरी गेली.

अकरा वर्षं ती मजुरीतून थोडं बाजूला टाकत आली होती. लोकांच्या घरांवर स्लॅब टाकले, एक आपल्या पत्र्याच्या खोलीवर टाकायचा होता. त्या पैशांतून दारापासून चार पावलांवर संडास बांधला. माल तिनं कालवला, घमेली केरूनं उचलली.

"एवढ्यावर तरी स्लॅब टाकू?" त्यानं विचारलं.

"पत्रा टाका," ती म्हणाली, आणि घाईनं आत गेली. दार अजून बसवायचं होतं. केरू पाठ करून उंबऱ्याशी उभा राहिला, बराच वेळ.