आता त्या दोघी चहा पिऊन राहिल्या

टेलिफोन एक्सचेंजमधल्या बायकांकडे किस्से फार साठतात. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण गप्प बसायचं, मग ड्युटी सुटली की तोंड आवरत नाही! मी नागपूरच्या ट्रंक बोर्डाचे, म्हणजे परगावचे कॉल जोडायच्या जागेचे, किस्से काढले की घरची माणसं एकेक करून उठतात. पण सत्तरच्या दशकातले आमचे ते भीतीचे सिनेमे, आणि बोर्डावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मालती-कुसुम, एवढं मी ऐकवल्याशिवाय कुणाला सोडत नाही.

मालती दर्यापूरकडची, शेतकऱ्याची मुलगी. कुसुम नागपूरचीच, पण आईवडील लवकर गेलेले आणि भाऊ-वहिनीला ती नकोशी. दोघींनी धरमपेठेत मिळून एक खोली घेतली होती. स्टोव्ह एक, आरसा एक, आणि कुठली साडी कुणाची हे त्यांनाही सांगता यायचं नाही. कुसुमचं घर म्हणजे ती खोली आणि मालती. बाकी तिला कुणी नव्हतं.

* * *

रविवारी सकाळी नागपूरच्या सदर भागातल्या थिएटरात इंग्रजी सिनेमा लागायचा. भुताचे सिनेमे आम्हाला चालायचे नाहीत, भूत दिसलं की हसू यायचं. आम्हाला हवे असायचे ते दोन मैत्रिणींचे. दोघी एका घरात राहतात, मग एक दुसरीसारखे केस विंचरू लागते, तिचा गाऊन घालते, तिला हाक मारली की ही 'ओ' देते. शेवटी कोण खरी आणि कोण नुसती मनातली, हेच कळेनासं होतं. असे सिनेमे पाहून परत त्याच एका खोलीत झोपायला जायचं, म्हणजे कमालच होती त्या दोघींची!

पहिल्याच सिनेमाला कुसुमने डोळे मिटले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. मालतीचा हात घट्ट धरून सारखी विचारायची, काय चाललंय, काय चाललंय. पडद्यावर एक मैत्रीण दुसरीच्या तोंडावर उशी दाबत होती. मालतीने जरा विचार केला आणि शांतपणे सांगितलं, "काही नाही वं. आता त्या दोघी चहा पिऊन राहिल्या."

बाहेर आल्यावर कुसुम म्हणाली, सिनेमा छान होता, पण चहा जरा जास्तच प्याल्या.

* * *

कुसुमने त्या सिनेमाची एवढी तारीफ केली की आमच्या सुपरवायझर बाई पुढच्या रविवारी सासूला घेऊन गेल्या. मैत्रीवरचा शांत, घरगुती सिनेमा म्हणून! परिणाम काय, तर कुसुमला लागोपाठ पहाटेची ड्युटी लागली. सासूबाई मात्र खूश होत्या. असा दुसरा लागला तर कळवा, असा त्यांचा निरोप आला.

* * *

एका सिनेमात आरशात भलतीच बाई दिसायची. झालं, दोघींनी आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि रोज सकाळी दारात समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना कुंकू लावायला लागल्या. घरमालकीण काकूंना वाटलं, हे काहीतरी व्रत आहे. त्यांनी आपल्या दोन सुनांना तेच करायला लावलं. त्या सुना किती तरी दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. रोज नाकासमोर नाक आल्यावर बोलायला लागल्या. काकू पुढे गल्लीभर सांगत सुटल्या की व्रत कडक आहे, पण फळतं!

* * *

सोबत राहून दोघींचे आवाजही एक झाले होते. इतवारीतले एक धान्याचे व्यापारी कॉल लावताना अडून बसायचे, की मालतीबाईच पाहिजेत, ती दुसरी बाई लाइन बरोबर देत नाही. हे ते ऐकवत होते कुसुमला.

"हो शेठजी," कुसुम म्हणाली, "ती आळशीच आहे." आणि लाइन जोडून दिली.

* * *

मग मालतीला अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा तिला आवडला होता, ती आम्हाला तसं लाजत सांगायचीही. पण वडिलांनी विचारलं की उत्तर द्यायची नाही. कँटीनमध्ये एकदा मला म्हणाली, "मी गेली त कुसुमचं कसं होईन वं?" कुसुमला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण ती काय आंधळी होती?

शेवटी मुलाकडचे अडून बसले, आजच सांगा. मालतीचे वडील दर्यापूरच्या पोस्टात गेले. तिथल्या ऑपरेटरने ओळखीखातर त्यांना थेट आमच्या बोर्डावर जोडून दिलं. मीही कान लावला, आमच्यात ते चालायचं.

"मालू, पाहुणे घरी बसून राहिले. तुले पोरगा पसंत आहे का नाही, एवढंच सांग माय."

मालतीने शेजारी कुसुमकडे पाहिलं. तिच्या तोंडावर 'नाही' अगदी येऊन बसलं होतं, मला ते दिसत होतं. तेवढ्यात कुसुमने आपला प्लग त्याच लाइनीत खुपसला आणि मालती होऊन बोलली.

"हो बाबा. मले पसंत आहे. तारीख लवकरची काढजा."

प्लग काढून तिने पुढचा कॉल घेतला. नंतर दोघी यावर काय बोलल्या, ते मला आजवर कळलं नाही.

लग्न दर्यापूरला झालं. मालतीच्या वडिलांनी कुसुमला तोवर कधी पाहिलं नव्हतं. पाठवणी झाली, मांडव रिकामा झाला, तेव्हा ते आमच्याजवळ येऊन बसले आणि कुसुमला म्हणाले, "तू तिची जिवाची मैत्रीण, म्हणून विचारतो. फोनवर हो म्हणताना पोरगी रडत होती. तिच्या मनाविरुद्ध त नाही झालं न?"

"नाही बाबा," कुसुम म्हणाली. "ते आनंदाचं रडू होतं."

तो आवाज ऐकून ते तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"दिवाळीले तूही घरी येत जाय, माय."