वीतभर उचललेला डबा

आमचे बाबा, रोहिदास, उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या एका कंटेनर यार्डात रीच स्टॅकर चालवतात. हे मशीन म्हणजे चाकांवर चालणारा लोखंडी हत्ती. त्याची सोंड ट्रेलरवरचा अख्खा कंटेनर वरून धरते आणि उचलून दुसरीकडे ठेवते. यार्डात कंटेनरला कोणी कंटेनर म्हणत नाही, डबा म्हणतात. "काका, तो हिरवा डबा घ्या." "निळ्यावर ठेवू नका, लाल डब्याशेजारी ठेवा." लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, मधल्या सुट्टीत पोरं जेवायला बसलीत.

डबा ट्रेलरवर चार कोपऱ्यांना चार लॉकनी धरलेला असतो. उचलायच्या आधी ड्रायव्हरने खाली उतरून चारही लॉक उघडायचे आणि लांब जाऊन उभं राहायचं, असा नियम आहे. पण बाहेर ऊन आणि धूळ, आत पंखा आणि मोबाइल. त्यामुळे लॉक उघडले की सगळे परत केबिनमध्ये चढून बसतात. आता एखादं लॉक अडकून राहिलं, तर डब्याबरोबर ट्रेलर वर जातो, ट्रेलरबरोबर केबिन, आणि केबिनबरोबर आतला माणूस. मग लॉक सुटलं की सगळं आपटतं. बाबांनी हे एकदा दुसऱ्या यार्डात लांबून पाहिलंय. त्याबद्दल ते घरी फक्त एवढंच बोलले, "आवाज लय मोठा झाला."

तेव्हापासून त्यांची पद्धत ठरलेली. डबा वीतभर उचलायचा, थांबायचं, ट्रेलरकडे नीट बघायचं आणि मगच वर न्यायचा. बाकीचे ऑपरेटर एका दमात उचलतात. अंकुशकाका तर गाणं म्हणत उचलतात.

ही थांबायची खोड बाबा घरीही घेऊन येतात. फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा ते दुकानात गेले, फ्रिजचं दार उघडलं, लावलं आणि घरी आले. आईने विचारलं, "अहो, घेतला का?" तर म्हणे, "बघून आलो." आमची आजी चंद्राबाई याचं खापर थेट जुन्या काळावर फोडते. "ह्याचा लगीन पन असाच झाला. पोरगी बगली, चाय पिली, नि गप. तिकडचे इचारतात, पसंत हाय का? तर हा आपला कपाकडं बगतंय. तुज्या आयचा, जयमालेचा बाप बिचारा इडीवर इडी वढतंय!" त्यावर आई स्वयंपाकघरातून ओरडते, "शेवटी मीच आतून सांगितलं, पसंत आहे म्हणून. नाहीतर अजून तिथेच बसले असते!"

हे सगळं हसण्यावारी चालायचं. शिमग्याच्या आधी ते हसणं थांबलं.

त्या दिवशी सूरजदादाचा ट्रेलर बाबांच्या मशीनसमोर लागला. सूरजदादा आमच्याच आळीतला, त्यामुळे ही गोष्ट मला बाबांकडून अर्धी आणि त्याच्याकडून दुप्पट कळली. त्याच्यामागे ट्रेलरची रांग होती. हे डबे उतरवून बंदराच्या गाड्यांवर चढवायचे आणि बंदराचं गेट बंद व्हायच्या आत जहाजाकडे पाठवायचे होते, आणि सूरजदादाचा डबा खाली उतरल्याशिवाय रांग हलणार नव्हती. बाबांनी डबा वीतभर उचलला आणि थांबले. ट्रेलरचा मागचा भाग डब्याबरोबर वर येतोय असं त्यांना दिसलं.

त्यांनी डबा खाली ठेवला. सूरजदादाने केबिनमधून डोकं बाहेर काढलं. "काय झाला काका? चारी लॉक उघडेच हायत, आईशप्पथ! तुमी उचला बिनधास्त, मी हाय ना आत."

"तू आत हायस म्हणूनच," बाबा म्हणाले.

चारही लॉक पुन्हा तपासले, उघडेच होते. पुन्हा उचलला, पुन्हा मागचा भाग वर. पुन्हा खाली. तोवर यार्डचे सुपरवायझर निशांतसर धावत आले. ते खारघरचे, वयाने लहान, आणि कुणालाही न दुखवता घाई करण्यात पटाईत. "काका, काय इश्यू आहे? नाही नाही, मी प्रेशर देत नाहीये. बट मागे लाइन बघा ना. जस्ट बघा." बाबांनी रांग बघितली आणि मेकॅनिकला बोलवा म्हणाले. मेकॅनिक आला, ट्रेलरखाली शिरला, बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "स्प्रिंगचे कमानपाटे जुने झालेत. वजन गेलं की मागून उसळतात. बाकी काय नाय."

बाकी काहीच नव्हतं. तोवर बंदराचं गेट बंद झालं. रांगेतले डबे यार्डातच राहिले आणि जहाज त्यांच्याशिवाय गेलं.

दुसऱ्या दिवसापासून यार्डात बाबांचं नाव पडलं, थांबा काका. चहाच्या टपरीवर कोणी कप उचलला की शेजारचा म्हणायचा, "वीतभरच हं!" सूरजदादाने आळीत येऊन अख्खा प्रसंग करून दाखवला. त्यात मशीनही तोच, बाबाही तोच, निशांतसरही तोच. मी हसले. आईने माझ्याकडे बघितलं, मग नाही हसले.

निशांतसरांनी बाबांना ऑफिसात बोलावलं, पाणी दिलं. "काका, तुमची सेफ्टी मला आवडते, ऑनेस्टली. पण वरून विचारलंय मला. पुन्हा असं झालं तर मशीनवर ठेवणं माझ्या हातात राहणार नाही. गेटवर बसावं लागेल." गेटवर बसणं म्हणजे आत येणाऱ्या ड्रायव्हरांचे कागद बघणं. बाबांनी उभं आयुष्य मशीनवर काढलंय. मशीनची शिडी चढताना ते रोज आधी पायरीला हात लावून नमस्कार करतात.

सर शेवटी म्हणाले, "शनिवारी पुन्हा जहाज आहे. सूरजचाच ट्रेलर असेल. स्मूथ जाऊ द्या, प्लीज."

शनिवार येईपर्यंत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता, आणि त्यावर कोणी उघड बोलतही नव्हतं. बाबा ताटावर बसायचे, घास हातात घेऊन थांबायचे, आणि तो घास तसाच ताटात परत जायचा. नळ सोडून तिथेच उभे राहायचे. पाणी वाहत राहायचं. आजी ओरडायची, "रोहिदासा, पानी!" ते दचकायचे. एकदा मला म्हणाले, "मागचं परत उसळलं तर? कमानपाटेच असतील. बहुतेक तेच असतील." मग स्वतःशीच, "बहुतेक."

अडचण अशी होती की आता थांबायला कारण उरलं नव्हतं. एकदा थांबून काहीच निघालं नव्हतं. पुन्हा थांबले तर मशीन जाणार. नाही थांबले आणि लॉक खरंच अडकलेलं असलं, तर सूरजदादा जाणार.

आजीने उपाय काढला. "गावदेवीला कौल लाव. उजवी कळी पडली तर थांब, डावी पडली तर उचल. देवीवर सोड नि जेव."

"आये," बाबा म्हणाले, "देवीनं डावी दिली नि सूरज वर गेला, तर त्याच्या आईला काय कळी दाखवू?"

आजीने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

आई उरणच्या बाजारात मासे विकते. पहाटे करंजा बंदरावर जाऊन माल घेते. त्या दिवशी ती भाकरी थापत होती आणि बाबा चौथ्यांदा तेच बोलत होते, की मी उगाच थांबलो, चुकलो, लोकांचे डबे राहिले. आईने परातीत हात आपटला. "अहो, मी मासा घेताना कल्ला उघडून बघते ना? कधी कल्ला लालभडक असतो नि मासा आतून गेलेला निघतो. कधी कल्ला फिका दिसतो म्हणून सोडते, नि तोच मासा शेजारीण घेते आणि चांगला निघतो. मग काय कल्ला बघायचं सोडू? बंदरावर उभी असताना मला जेवढं दिसतं, तेवढ्यावरच घेणार ना! घरी चिरल्यावरची अक्कल बंदरावर कुठून आणू?"

बाबांनी परातीबाहेर सांडलेलं पीठ बोटाने गोळा केलं. मग म्हणाले, "पण कल्ला बघायला वेळ लागतो."

"लागतो. मग लवकर जायचं."

तेव्हा बाबांच्या डोक्यात काय आलं ते त्यांनी सांगितलं नाही. शनिवारी ते नेहमीच्या बसची वाट न बघता आधीच्या बसने गेले. जेवणाचा डबा विसरले. आजी दारात उभी राहून म्हणाली, "बगा, आज पैल्यांदा न थांबता गेला."

सूरजदादाचा ट्रेलर समोर लागला. त्याने लॉक उघडले आणि केबिनमध्ये चढून बसला. बाबांनी मशीन त्याच्यासमोर आणलं आणि इंजिन बंद केलं.

"उतर."

"काय काका, लॉक उघडलेत ना!"

"उतर. तिकडं भिंतीजवळ जाऊन उभा राहा."

"अवो, मागच्या टायमाला पन उघडेच होते! काय झाला होता का? काय पन नाय झाला!"

"काय नाय झालं, हे मला नंतर कळलं," बाबा म्हणाले. "उचलायच्या आधी नाय."

सूरजदादा उतरला. उतरताना त्याने जे शब्द वापरले ते त्याने मला सांगितले, पण आई हे वाचणार आहे. तो भिंतीशी जाऊन उभा राहिल्यावर बाबांनी इंजिन चालू केलं, डबा वीतभर उचलला आणि थांबले. ट्रेलर मागून उसळला, अगदी मागच्यासारखा. पण केबिन रिकामी होती. ते हळूहळू डबा वर घेत गेले. थोड्या वेळाने ट्रेलर उसळायचा थांबला, त्याची चाकं जमिनीवरच होती, आणि डबा एकटाच वर गेला.

म्हणजे याही वेळी काहीच नव्हतं.

पण बाबा तिथे थांबले नाहीत. मागच्या ट्रेलरलाही तेच म्हणाले, "उतर." त्याच्या मागच्यालाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. कोणी म्हणालं, "थांबा काका, आता आमाला पन थांबवताय काय!" निशांतसर आले. "काका, प्रत्येकाला उतरवणार का?"

"प्रत्येकाला. चूक झालीच तर लोखंड जाऊ दे, माणूस नको."

"आणि शेवटचे डबे राहिले तर?"

"राहतील," बाबा म्हणाले. हे मला सूरजदादाने सांगितलं. ते सांगताना त्याने नक्कल केली नाही.

शेवटचे काही डबे राहिले. सोमवारी बाबा गेटवर बसले.

निशांतसर स्वतः सांगायला आले होते. "काका, पर्सनली घेऊ नका." बाबा म्हणाले, "नाय घेत." घरी आल्यावर मात्र पर्सनली घेतलं. गेटवरून मशीन दिसत नाही, मध्ये डब्यांच्या थप्प्या आहेत. फक्त हॉर्न ऐकू येतो, आणि प्रत्येक हॉर्नला ते हातातले कागद ठेवून उठतात. मशीनवर आता गाणं म्हणत एका दमात उचलणारे अंकुशकाका होते.

त्या रविवारी अंकुशकाका घरी आले. आईने चहा दिला. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते, कधीही उठून पळतील असे.

"काका," अंकुशकाका म्हणाले, "काल सूरज उतरत नव्हता."

"मग?"

"मग काय! मी पन इंजिन बंद केलं. गाणं पन बंद केलं. म्हटलं, बस आता तू नि मी." ते स्वतःच हसले. "शेवटी उतरला."

"निशांत काय बोलला?"

"काय नाय. घड्याळात बगितलं, नि गेला."

बाबांनी मान हलवली. आईला वाटलं, आता हसतील. मलाही वाटलं. पण ते पुढे वाकून म्हणाले, "आणि सूरजच्या मागचा? तो उतरला का?"